पन्नास मिलिसेकंदांनंतर

रस्त्याच्या कडेला जेसीबीचा दात जमिनीत घुसतो आणि ऑप्टिकल फायबरची केबल तुटते. पलीकडच्या टोकावरच्या उपकरणाला प्रकाश गेल्याचं दहा मिलिसेकंदांच्या आत कळतं. त्यापुढच्या पन्नास मिलिसेकंदांत हजारो लोकांची संभाषणं, बँकांचे व्यवहार, कुणाचा चालू असलेला व्हिडिओ असं सगळं दुसऱ्या फायबरवर गेलेलं असतं. नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेल्या माणसाला याची खबर लागते ती यानंतर. कारण दूरसंचार उपकरणांचा एक जुना नियम आहे: दोष साधारण अडीच सेकंद सलग टिकला तरच तो बिघाड म्हणून जाहीर करायचा, आणि दोष गेल्यावरही दहा सेकंद शांतता राहिली तरच बिघाड मिटला असं म्हणायचं. क्षणभराच्या झटक्यांनी पडदा भरून जाऊ नये म्हणून ही सोय. परिणाम असा, की तांबडी ओळ उमटेपर्यंत यंत्राने निर्णय घेऊन तो अमलातही आणलेला असतो.

मग त्या माणसाचं काम काय उरलं? त्याच्या हाती मोजक्या कमांड आहेत. त्या कमांडचं आणि यंत्राच्या स्वतःच्या निर्णयांचं नातं कसं ठरवलं आहे, हे समजलं की प्रोटेक्शन स्विचिंग, म्हणजे फायबर तुटताच वाहतूक राखीव फायबरवर नेण्याचं हे तंत्र, समजलं असं मी मानतो. कारण या तंत्राचा गाभा वेगात नाही. कुणाचं म्हणणं कुणाच्या वर, हे आधीच लिहून ठेवण्यात आहे.

ही व्यवस्था किती गरजेची होती ते दोन घटनांवरून दिसतं. १२ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्स इथे एक केबल तुटली आणि आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटपासून न्यू इंग्लंडचा भाग तुटून वेगळा पडला. खरं तर त्या भागाला जोडणाऱ्या लाइन एक नव्हे, सात होत्या. पण सातही एकाच केबलमधून गेलेल्या होत्या. पुढे ४ जानेवारी १९९१ रोजी न्यू जर्सीतल्या नेवार्क इथे जुनी केबल काढणाऱ्या एटी अँड टीच्या पथकाकडून चालू फायबर केबल कापली गेली. न्यूयॉर्कचे लांब पल्ल्याचे फोन मोठ्या प्रमाणावर बंद पडले, आणि विमानवाहतूक नियंत्रणाच्या लाइनही त्याच केबलमध्ये असल्याने ईशान्य अमेरिकेतल्या विमानतळांना फटका बसला. तांब्याच्या काळात एक केबल तुटली तर त्या मानाने कमी संभाषणं जात. फायबरने एका केसाएवढ्या काचेत एवढं काही भरलं, की एका घावाचं नुकसान पूर्वीच्या हिशोबात बसेना.

त्याच सुमारास प्रकाशाच्या वाहतुकीची जगभराची शिस्त ठरत होती. अमेरिकेत तिचं नाव सोनेट, बाकी जगात एसडीएच. एसडीएचची पहिली मानकं १९८८ मध्ये आली. भारतातल्या दूरसंचार खात्यांच्या आणि कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये एसटीएम-१, एसटीएम-१६ हे शब्द रुळले ते याच शिस्तीतून. एसटीएम-१ म्हणजे सेकंदाला १५५.५२ मेगाबिट, एसटीएम-१६ म्हणजे त्याच्या सोळापट, साधारण अडीच गिगाबिट. वेग काहीही असो, प्रत्येक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला बरोबर ८,०००. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीच्या भागात ग्राहकांची माहिती नसते, उपकरणांची आपापसातली बोलणी असतात. त्या बोलण्यातले दोन बाइट, के-वन आणि के-टू, मुख्यतः एका कामासाठी राखून ठेवले आहेत: कोणाला, कोणत्या कारणासाठी, कोणत्या चॅनलकरता राखीव फायबर हवं आहे ते सांगणं.

राखीव फायबर ठेवण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत तीच माहिती दोन्ही फायबरवर एकाच वेळी पाठवतात आणि घेणारं टोक त्यातली चांगली निवडतं. हिला एक अधिक एक म्हणतात. यात पलीकडच्याला काही विचारावंच लागत नाही. घेणाऱ्याने आपल्यापुरता निर्णय घेतला की झालं. महाग आहे, पण फसण्याची शक्यता सर्वांत कमी. दुसरीत अनेक वर्किंग, म्हणजे रोजच्या वापरातल्या, चॅनलना मिळून एकच प्रोटेक्शन, म्हणजे राखीव, चॅनल असतो. इथे मात्र दोन्ही टोकांना बोलावंच लागतं, कारण ज्याचं फायबर तुटलं त्याची वाहतूक पाठवणाऱ्याने राखीव मार्गावर ठेवली पाहिजे आणि घेणाऱ्याने तिथून उचलली पाहिजे. असे जास्तीत जास्त चौदाच वर्किंग चॅनल एका राखीव चॅनलच्या आसऱ्याला असू शकतात. चौदाच का? के-वन बाइटमधले चार बिट चॅनलच्या क्रमांकासाठी आहेत. चार बिटांत शून्य ते पंधरा असे सोळा आकडे बसतात. शून्य आणि पंधरा हे वेगळ्या कामासाठी राखले, उरले चौदा. वर्तुळाकार नेटवर्कमध्ये, म्हणजे रिंगमध्ये, एका रिंगवर सोळापेक्षा जास्त स्टेशनं का नसतात, त्याचंही उत्तर याच चार बिटांत आहे.

आता के-वनचे उरलेले चार बिट. या चार बिटांत कारण लिहिलेलं असतं, आणि आकडा जितका मोठा तितका त्या कारणाचा अधिकार मोठा. सर्वांत वर पंधरा: लॉकआउट, म्हणजे राखीव मार्ग कुणालाही द्यायचा नाही. त्याखाली चौदा: फोर्स्ड स्विच, म्हणजे अमुक चॅनल सक्तीने हलवा. त्याखाली तेरा आणि बारा: सिग्नल फेल, म्हणजे प्रकाशच आला नाही किंवा आलेल्यातून काही अर्थ लागत नाही. अकरा आणि दहा: सिग्नल डिग्रेड, सिग्नल येतोय पण चुका वाढल्यात. मग आठवर मॅन्युअल स्विच, सहावर थांबून परत जाण्याचा काळ, चारवर एक्सरसाइज, आणि तळाशी शून्य, काहीच मागणी नाही.

ही उतरंड जरा थांबून पाहण्यासारखी आहे. माणसाने दिलेल्या कमांड तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसवल्या आहेत. लॉकआउट आणि फोर्स्ड स्विच यंत्राला दिसणाऱ्या प्रत्यक्ष बिघाडाच्याही वर आहेत. मॅन्युअल स्विच त्याच्या खाली आहे. एक्सरसाइज जवळजवळ तळाला. म्हणजे ज्यांनी हे लिहिलं त्यांनी माणसाच्या शब्दाला सरसकट मोठं मानलं नाही आणि सरसकट लहानही मानलं नाही. मॅन्युअल स्विच देणारा माणूस म्हणतो, 'सगळं ठीक असेल तर वाहतूक तिकडे ने; मध्ये काही बिघडलं तर तुझं तू ठरव.' फोर्स्ड देणारा म्हणतो, 'मला काही ठाऊक आहे जे तुला ठाऊक नाही. मी सांगतो तेच कर.' दोन्ही कमांडचा परिणाम पडद्यावर सुरुवातीला अगदी सारखा दिसतो. फरक पुढच्या बिघाडाच्या क्षणी कळतो. तीन नंबरच्या चॅनलसाठी फोर्स्ड दिलेला असेल आणि सात नंबरचं फायबर तुटलं, तर सातच्या ग्राहकांना राखीव मार्ग मिळणार नाही, त्यांची सेवा जाईल. त्याच जागी मॅन्युअल दिलेला असता, तर यंत्राने तीनला परत आपल्या जागी पाठवून सातला वाचवलं असतं. म्हणून जुने जाणते लोक नियोजित कामासाठी आधी मॅन्युअल वापरून पाहतात आणि फोर्स्डला हात घालण्यापूर्वी विचार करतात. मला ही सवय फार मोलाची वाटते.

मॅन्युअलबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वरचढ कारण आलं आणि यंत्राने माणसाची कमांड बाजूला सारली, तर ती कमांड तिथेच संपते. तो बिघाड मिटल्यावर यंत्र 'मघाशी साहेबांनी काही सांगितलं होतं' असं म्हणून ती पुन्हा लावत नाही. दुरुस्ती अर्धवट असताना हे घडलं, तर आपली वाहतूक कुठे उभी आहे ते पुन्हा पाहावं लागतं.

एक्सरसाइज ही माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी कमांड. तिने काहीच हलत नाही. दोन्ही टोकं के-बाइटमधून सगळी बोलणी करतात, 'देऊ का?', 'दे', इथपर्यंत जातात, आणि प्रत्यक्ष स्विच न करता थांबतात. राखीव मार्ग महिनोन् महिने रिकामा पडून असतो. त्यावरची यंत्रणा गरजेच्या वेळी उत्तर देईल की नाही, हे ग्राहकाच्या संभाषणाला धक्का न लावता तपासायचं हेच एक साधन.

पन्नास मिलिसेकंदांचा हिशोबही इथेच पाहून घेऊ. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,२०० किलोमीटरला सहा मिलिसेकंद. एसडीएच रिंगसाठी जी.८४१ या मानकात पन्नास मिलिसेकंदांची अट लागू आहे ती १,२०० किलोमीटरपर्यंतच्या, आधी कुठलाही स्विच नसलेल्या रिंगला. बिघाड ओळखण्याचे दहा मिलिसेकंद त्यात धरलेले नाहीत. नवा के-बाइट लागोपाठ तीन फ्रेममध्ये तसाच आला तरच तो खरा मानायचा असा नियम आहे, त्याला पाऊण मिलिसेकंदाच्या निम्मा वेळ, ३७५ मायक्रोसेकंद लागतो. बाकीचा वेळ मधल्या स्टेशनांच्या प्रक्रियेचा. फोनवर बोलणाऱ्याला एवढ्या खंडात फारतर एक खट्ट ऐकू येतं. हा आकडा फोनच्या जमान्यातला, पण पुढे आलेल्या बहुतेक तंत्रांनी तोच कसोटीला लावला.

फायबर जोडून झालं की वाहतूक लगेच परत वर्किंगवर न्यायची का? परत नेणारी आणि न नेणारी, अशा दोन्ही व्यवस्था असतात. परत नेणाऱ्या व्यवस्थेत मध्ये पाच ते बारा मिनिटं थांबतात. ताप उतरल्या उतरल्या कुणी पोराला पावसात पाठवत नाही, तसंच हे. सांधा जोडणारा माणूस अजून खड्ड्यात बसलेला असतो, फायबरचं टोक ट्रेमध्ये गुंडाळत असतो, एखाद्या तंतूला जास्त वाक पडला तर प्रकाश येतो आणि जातो. या काळात वाहतूक इकडून तिकडे नाचली तर ग्राहकाला मूळ बिघाडापेक्षा जास्त त्रास होईल. थांबण्याचं हे घड्याळ चालू असताना पडद्यावर तशी नोंद दिसते. नवख्याला वाटतं काहीतरी अडकलंय आणि तो क्लिअर, म्हणजे लागू असलेली मागणी काढून टाकणारी, कमांड देऊन मोकळा होतो. क्लिअरने ही प्रतीक्षाही रद्द होते. तेव्हा आधी खड्ड्यातल्या माणसाला फोन करावा.

आता अलार्मकडे वळू. एका तुटीतून शेकडो अलार्म उठू शकतात, कारण एका फायबरवर थरावर थर चढवलेले असतात. हा गोंगाट आवरण्यासाठी एसडीएचमध्ये एक नेमकी युक्ती आहे. ज्या स्टेशनाला प्रकाश मिळत नाही, ते पुढच्यांना मूळ माहितीऐवजी सगळे बिट 'एक' असलेला सिग्नल पाठवतं. याचं नाव एआयएस. तो मिळालेल्या पुढच्या स्टेशनाला समजतं, की दोष आपल्यापाशी नाही, मागे कुठेतरी आहे, त्याची खबर तिथल्याला लागलेली आहे. उलट्या दिशेला, पाठवणाऱ्याला, आरडीआय जातो: तुझं मला काही मिळत नाही. म्हणून अनुभवी माणूस पडद्यावर शेकडो ओळी दिसल्या तरी एआयएस आणि आरडीआय बाजूला करून प्रकाश गेल्याचा मूळ अलार्म शोधतो. तो एकच असतो, फार तर दोन, आणि त्या दोन ठिकाणांच्या मध्ये खड्डा असतो.

पण हे अलार्म सगळ्यांना दिसतात, त्यांच्यामागे माणसं धावतात. माझी काळजी वेगळ्या प्रकारच्या अलार्मविषयी आहे: राखीव व्यवस्थेचे स्वतःचे अलार्म. के-बाइट अर्थहीन किंवा अस्थिर येत असतील, तर त्याचा एक अलार्म. एका टोकाने सातसाठी मार्ग मागितला आणि पलीकडून भलत्याच क्रमांकाला होकार आला, तर चॅनल न जुळल्याचा दुसरा. एक टोक एक अधिक एक पद्धतीवर लावलेलं आणि दुसरं सामायिक पद्धतीवर, तर पद्धत न जुळल्याचा तिसरा. पलीकडच्या टोकाला राखीव फायबरच मिळत नसेल, तर त्याचा चौथा. या चारही वेळी ग्राहकाला काही जाणवत नाही. सगळे फोन चालू, सगळे आलेख हिरवे. अलार्मच्या यादीत अशा ओळींसमोर 'सेवेवर परिणाम नाही' असं लिहिलेलं असतं आणि ते त्या क्षणी खरंही असतं. म्हणून त्या खाली सरकतात. ज्या नेटवर्कचं राखीव फायबर मेलेलं आहे ते नेटवर्क बाहेरून निरोगी दिसतं, आणि पुढच्या एका घावात कोसळतं. के-बाइट प्रोटेक्शन फायबरवरूनच जातात, हेही इथे लक्षात घ्या. ते फायबर गेलं की वाचवण्याचा मार्ग गेला आणि वाचवण्याविषयी बोलण्याचाही गेला.

लॉकआउटची गोष्ट याहून अवघड. समजा राखीव फायबरच्या एका सांध्यावर काम करायचं आहे. काम चालू असताना यंत्राने वाहतूक तिकडे पाठवू नये म्हणून ऑपरेटर लॉकआउट देतो. योग्यच आहे. सांधा उघडला जातो, जोडला जातो, पथक परतीच्या वाटेला लागतं, रात्रपाळी संपते. लॉकआउट तसाच राहतो. तो कुठल्याही घड्याळाने आपोआप निघत नाही, माणसाने क्लिअर दिला तरच निघतो. आणि तो लागलेला आहे हे पडद्यावर कसं दिसतं? सिस्कोच्या ओएनएस १५४५४ या सोनेट-एसडीएच उपकरणांत लॉकआउटची आणि फोर्स्ड स्विचची नोंद मुळात अलार्म नसलेल्या स्थितींच्या वर्गात धरली आहे. तर्क समजतो: माणसाने जाणूनबुजून केलेल्या गोष्टीचा आरडाओरडा कशाला? पण जाणूनबुजून केलेली गोष्ट पाळी बदलल्यावर कुणालाच ठाऊक नसलेली होते. मग काही दिवसांनी वर्किंग फायबरवर जेसीबी चालतो, आणि पन्नास मिलिसेकंदांत वाचवू शकणारी यंत्रणा माणसाचा शब्द पाळून स्वस्थ उभी राहते. तिच्यात दोष काहीच नसतो. म्हणून पाळी सोपवताना उघड्या अलार्मच्या यादीइतकीच लागू असलेल्या कमांडची यादी वाचून दाखवायची पद्धत असायला हवी, आणि ती उपकरणातून ताजी काढलेली असायला हवी. वहीतल्या नोंदीवर विसंबून चालत नाही.

क्लिअर देतानाही एक खोच आहे. कमांड ज्या टोकावर दिली, तिथूनच ती काढावी लागते. दोन्ही टोकं मिळून स्विच करणाऱ्या व्यवस्थेत समोरच्या टोकाच्या पडद्यावर फक्त 'पलीकडची मागणी मान्य' एवढीच नोंद असते. तिथे बसून कितीही वेळा क्लिअर दिला तरी काही होत नाही. मूळ कमांड कोणत्या स्टेशनावर आहे ते शोधावं लागतं, आणि ते स्टेशन दुसऱ्या विभागाच्या ताब्यात असेल तर आधी माणूस शोधावा लागतो.

यंत्रणा कितीही नेमकी असली तरी ती दोन मार्गांमध्येच निवड करू शकते, आणि ते मार्ग खरोखर दोन असावे लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी ४ आणि फ्लॅग युरोप-आशिया या दोन केबल तुटल्या. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या या दोन्ही केबलमधून त्या काळी भारताची पश्चिमेकडची बरीच इंटरनेट वाहतूक वाहून नेली जात होती. एकीला दुसरीचा आधार धरून बसलेल्यांचं इंटरनेट त्या आठवड्यात रांगत होतं. व्हाइट प्लेन्सच्या सात लाइनचाच हा धडा, फक्त नकाशा मोठा. आपल्याकडे रस्ता रुंदीकरणाच्या कामात केबल तुटते तेव्हाही पहिला प्रश्न हाच विचारावा, की कागदावरचे दोन मार्ग जमिनीत एकाच चरात तर नाहीत ना. हे कुठल्याही के-बाइटला कळत नाही.

एसडीएचची उपकरणं आता ठिकठिकाणी निवृत्त होत आहेत. त्यांची जागा ओटीएन (ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट नेटवर्क) आणि ईथरनेटवर चालणाऱ्या नेटवर्कने घेतली. बाइटची नावं आणि जागा बदलल्या, पण लॉकआउट, फोर्स्ड, मॅन्युअल, एक्सरसाइज, क्लिअर ही मंडळी जशीच्या तशी पुढे आली. थरावर थर असल्याने एक नवी अडचण आली: खालच्या थराने वाचवायला सुरुवात केलेली असताना वरच्यानेही धाव घेतली तर दोघांची टक्कर होते. म्हणून वरच्या थराला थोडं थांबायला लावतात. शून्यापासून दहा सेकंदांपर्यंत, शंभर मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी हा वेळ ठरवता येतो. नव्या उतरंडीतली एक पायरी मला फार बोलकी वाटते. ईथरनेटच्या जी.८०३१ या मानकात राखीव मार्गच निकामी झाल्याची स्थिती फोर्स्ड स्विचच्या वर नेऊन ठेवली आहे. माणसाने कितीही सक्तीने सांगितलं तरी मेलेल्या फायबरवर वाहतूक नेऊन कुणाचंच भलं होणार नाही, आणि फायबर मेलं आहे हे यंत्राला माणसाआधी कळतं. लॉकआउट मात्र तिथेही त्याच्या वरच आहे. राखीव मार्ग या क्षणी धडधाकट दिसतोय, पण अर्ध्या तासाने कुणीतरी त्याचा सांधा उघडणार आहे, हे यंत्राला कुठल्याच सिग्नलवरून समजू शकत नाही. ते फक्त ज्याच्याकडे त्या रात्रीच्या कामाचा कागद आहे त्या माणसालाच ठाऊक असतं.